वाडवडिलांचा शोध आणि चर्चमधील जुन्या वह्या



आपल्या पुणे धर्मप्रांताच्या कॅथेड्रलला संत पॅट्रिक यांचे नाव आहे. गुरुदीक्षेच्या किंवा मेळाव्याच्या निमित्ताने आपल्यापैकी अनेकजण तेथे जाऊन आले असतील. संत पॅट्रिक हे आयर्लंडचे आश्रयदाते संत. ते काही पुण्याला आले नव्हते. आले होते ते त्यांचे भक्त, आणि तेही खांद्यावर बंदूक घेऊन.

एकोणिसाव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आणि ब्रिटनहून येणाऱ्या रेजिमेंटांत आयरिश शिपायांचा भरणा मोठा होता. त्यांतले पुष्कळजण कॅथलिक आणि घरचे गरीब होते. त्यांच्यासाठी १८५० साली पुण्याच्या लष्कर भागात चर्च उभे राहिले आणि त्यासाठी शिपायांनी आपल्या पगारातून पैसे दिले. १८८६ साली पुणे धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा शिपायांचे हे चर्च धर्मप्रांताचे मुख्य चर्च बनले. पुण्यातील सिटी चर्चची कथा त्याहून जुनी. त्याची जागा १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या फौजेतील गोवेकर व पोर्तुगीज ख्रिस्ती लोकांसाठी दिली. म्हणजे आपल्या धर्मप्रांताची ही दोन्ही जुनी चर्चे घर सोडून आलेल्या माणसांची आहेत.

त्या आयरिश शिपायांचे वंशज आज इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे पांगले आहेत, आणि त्यांच्यातील पुष्कळांना एकच प्रश्न सतावतो : आमचे मूळ गाव कोणते? हा शोध ते कसा घेतात ते आज आपण पाहू. त्याचा आपल्याला उपयोग आहे, कारण आपल्यापैकी कितीजणांचे पणजोबा लोणंदला जन्मले? कोणाचे घराणे नगरकडून आले, कोणाचे रेल्वेच्या नोकरीमुळे, कोणाचे दुष्काळात पोट भरायला. मूळ गाव विचारले की आजी एक नाव सांगते, मामा दुसरेच सांगतो.

आयरिश माणूस शोध कसा घेतो

समजा, ऑस्ट्रेलियातील एका बाईंना एवढेच ठाऊक आहे की पणजीचा जन्म पुण्याच्या छावणीत झाला आणि तिचे वडील आयरिश शिपाई होते. त्या थेट आयर्लंडला जाऊन चौकशी करीत नाहीत. तेथे त्या आडनावाची माणसे हजारोंनी आहेत. त्या स्वतःपासून सुरू करतात आणि एकेक पिढी मागे जातात. आईचा दाखला, मग आजीचा, मग पणजीचा. असे करीत त्या भारतात येऊन पोहोचतात.

मुंबई इलाख्यातील गोऱ्या कुटुंबांचे बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांच्या नोंदींच्या नकला त्या काळी मुंबईमार्गे लंडनला पाठवल्या जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. कॅथलिकांच्या नोंदीही त्यांत सापडतात, पण अपुऱ्या. तेथे पणजीच्या बापाचे नाव आणि पलटण मिळते. मग लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात शिपायांचे निवृत्तीचे कागद पाहायचे. त्या कागदांवर शिपाई कोणत्या पॅरिशमध्ये, कोणत्या गावाजवळ आणि कोणत्या परगण्यात जन्मला ते लिहिलेले असते. सगळा शोध त्या एका ओळीवर उभा असतो. ती सापडली की आयर्लंडचे दार उघडते, आणि नाही सापडली तर नुसत्या आडनावावर आयुष्यभर भटकावे लागते.

आयर्लंडमध्ये पुढची अडचण उभी राहते. जून १९२२ मध्ये तेथील यादवी युद्धात डब्लिनच्या सरकारी अभिलेखागाराला आग लागली. १८२१ ते १८५१ या काळातील चार जनगणनांचे कागद जवळजवळ सगळे जळाले. १८६१ ते १८९१ च्या जनगणनांचे कागद सरकारने त्याआधीच नष्ट केले होते. आज पूर्ण मिळतात त्या १९०१ आणि १९११ च्या जनगणना. आता विचार करा : १८४५ ते १८५२ च्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. त्या सर्वांची घरवार नोंद ज्या कागदांत होती, तेच कागद नाहीसे झाले.

त्याच आगीत प्रॉटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंडच्या निम्म्याहून अधिक पॅरिशच्या वह्या गेल्या. त्या सुरक्षित राहाव्यात म्हणून सरकारी इमारतीत आणून ठेवल्या होत्या! कॅथलिक वह्या मात्र कोणी मागवल्या नव्हत्या. त्या आपापल्या गावी, फादरांच्या कपाटात पडून होत्या. काहींना ओल लागली होती, काहींचे कोपरे उंदरांनी कुरतडले होते, काहींचे अक्षर लागत नव्हते. पण त्या वाचल्या. पुढे आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांचे फोटो काढले, आणि २०१५ साली हजारावर पॅरिशमधील सुमारे पावणेचार लाख पाने इंटरनेटवर सर्वांना मोफत खुली केली. बहुतेक नोंदी १८८० पर्यंतच्या आहेत.

याने सर्वांचे काम होते असे नाही. कॅथलिकांविरुद्धच्या कायद्यांमुळे आयर्लंडमध्ये फार काळ उघडपणे धर्मकार्य करणे कठीण होते. त्यामुळे अनेक खेड्यांच्या वह्या १८२०-३० च्या सुमारास सुरू होतात. ज्याचा पूर्वज १७५० साली जहाजात बसला, त्याला बहुधा वही मिळत नाही. शिवाय एकाच पॅरिशमध्ये पॅट्रिक मर्फी नावाचे डझनभर पुरुष असतात, आणि कोणी आडनावामागचा ‘ओ’ टाकून दिलेला असतो, तर कोणी पुन्हा लावलेला असतो. यावर अनुभवी शोधकांच्या दोन युक्त्या आहेत. पहिली म्हणजे आडनावापेक्षा वाडी धरायची. आयर्लंडमध्ये ज्याला टाउनलँड म्हणतात ती साधारण आपल्या वाडीसारखी, आणि त्या देशात अशा साठ हजारांवर आहेत. दुसरी म्हणजे धर्मपिता आणि धर्ममाता यांची नावे पाहायची. मुलाला बाप्तिस्म्याला धरणारी माणसे बहुधा घरचीच असतात : काका, मावशी, आत्या. दोन पॅट्रिक मर्फींपैकी आपला कोणता, हे कित्येकदा धर्ममातेच्या नावावरून कळते.

सातारा जिल्ह्यातून मॉरिशसला

हे फक्त गोऱ्या लोकांचे चोचले आहेत असे समजू नये. १८३४ नंतर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत कराराने काम करण्यासाठी भारतातून सुमारे साडेचार लाख माणसे गेली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी माणसेही होती. बहुतेक रत्नागिरीकडच्या कोकणातली, काही घाटावरचीही. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ती उतरली तो आप्रवासी घाट २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. उतरल्यावर प्रत्येकाला क्रमांक मिळे आणि वहीत नाव, बापाचे नाव, जात, वय, उंची, अंगावरची खूण व गाव लिहिले जाई. पुढे पुढे फोटोही काढू लागले. या वह्या आज मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेल्या आहेत आणि मॉरिशसची माणसे तेथे जाऊन आपल्या खापरपणजोबांची नोंद काढून घेतात.

अडतात ती गावाच्या नावाशी. मराठी गावाचे नाव सांगणारा निरक्षर, लिहिणारा परका कारकून, लिपी रोमन. कागदावर जिल्हा लागतो, गाव लागत नाही. दीडशे वर्षांनी पणतू नकाशावर बोट फिरवीत बसतो.

आता आपल्या घराकडे येऊ

आपल्याकडच्या अनेक मराठी कॅथलिक घराण्यांची मुळे तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहेत. येशूसंघीय फादरांनी तेथे केंदळ येथे १८७८ साली मिशनकार्य सुरू केले. पण अमेरिकन मराठी मिशन त्या जिल्ह्यात १८३१ पासून होते, आणि साताऱ्यातही अमेरिकन मिशनचे केंद्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होते. तेव्हा पणजोबांचा बाप्तिस्मा कॅथलिक वहीत सापडला नाही तर तो झालाच नाही असे मानू नये. तो कदाचित प्रॉटेस्टंट मंडळीच्या वहीत असेल. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात ज्यांना मिशनच्या अनाथाश्रमांनी वाढवले, त्यांच्या घराण्यांचा माग बहुधा अनाथाश्रमाच्या दारातच थांबतो, कारण मूल फार लहान असेल तर आईबापांची नावे सांगणार कोण?

गोव्याकडून आलेल्या कुटुंबांची गोष्ट निराळी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे-मिरज-लोंढा रेल्वे झाली आणि पुढे मुरगावच्या गाडीला जोडली गेली. त्या मार्गाने रेल्वेत, बँडमध्ये, बेकरीत काम करणारी गोवेकर माणसे घाटावर आली. त्यांना चर्चच्या वहीखेरीज आणखी एक आधार आहे : गावकरी. गोव्यातील जुन्या गावांत मूळ घराण्यांचे वांगड असतात आणि गावच्या उत्पन्नातून गावकऱ्याला जोण मिळतो. पैशाचा संबंध असल्याने पुरुषांची नावे नीट लिहिली जातात. आडनावावर मात्र तेथे फार विसंबू नये. धर्मांतराच्या काळात धर्मपित्याचे किंवा फादरांचे पोर्तुगीज आडनाव मिळत असल्याने एकाच रक्ताच्या माणसांची आडनावे वेगळी आणि परक्यांची आडनावे सारखी असू शकतात.

वही कशी वाचावी

बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या वह्या ठेवण्याचा नियम ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली सर्व पॅरिशना घालून दिला. आजच्या धर्मसभेच्या कायद्यात तो ५३५ व्या कलमात आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचे नाव, आईवडील, धर्मपिता-धर्ममाता, संस्कार देणारे फादर, बाप्तिस्म्याची तारीख व जागा, जन्माची तारीख व जागा एवढे असते. जुन्या नोंदी लॅटिनमध्ये असतात, पण घाबरून जाऊ नये; साचा ठरलेला असतो आणि पाच-सहा शब्द कळले की पान वाचता येते. ‘फिलिउस’ म्हणजे मुलगा, ‘फिलिया’ म्हणजे मुलगी, ‘नातुस’ किंवा ‘नाता’ म्हणजे जन्मलेला किंवा जन्मलेली, ‘पात्रिनी’ म्हणजे धर्मपिता-धर्ममाता. योहान्नेस, पेत्रुस, योसेफुस हे आपले योहान, पेत्र आणि योसेफ.

मराठी नावांची खरी कसरत रोमन लिपीमुळे होते. त्या लिपीत ळ आणि ल यांत फरक नाही, ट आणि त यांत नाही, ठ आणि थ यांतही नाही. काळे आणि काले एकसारखेच दिसतात. म्हणून नाव डोळ्यांनी शोधण्याऐवजी मोठ्याने उच्चारून पाहावे. परक्या माणसाच्या कानाला ते कसे ऐकू आले असेल याचा विचार करावा. पुष्कळ ठिकाणी आडनावच नसते. मुलाचे नाव आणि बापाचे नाव, एवढेच.

वहीचा समास मात्र कधीही चुकवू नये. बहुतेकजण मधला मजकूर वाचतात आणि पान उलटतात. १९०८ पासून असा नियम आहे की माणसाचे लग्न कोठेही झाले तरी ती खबर त्याच्या बाप्तिस्म्याच्या पॅरिशला कळवायची आणि तेथील वहीत बाप्तिस्म्याच्या नोंदीजवळ ती टिपायची. म्हणजे आजोबांचा बाप्तिस्मा केंदळला सापडला, तर समासात त्यांचे लग्न कोठे झाले ते मिळू शकते. उलट लग्नाच्या वहीत वधूवरांचा बाप्तिस्मा कोठे झाला ते असते. एक वही मागे नेते, दुसरी पुढे आणते. आयरिश शिपायाच्या वंशजाला जे काम तीन देशांच्या कागदांवरून करावे लागते, ते आपल्याला कधीकधी एका पानावर मिळते.

वही फाटली किंवा हरवली असेल तर? १९१८ पासून १९८३ पर्यंत अमलात असलेल्या धर्मसभेच्या कायद्याप्रमाणे पॅरिशने दरवर्षी वह्यांची नक्कल महागुरुस्वामींच्या कार्यालयात पाठवायची असे. सगळीकडे ती पाठवली गेलीच असे नाही, पण विचारून पाहावे. कोणत्या कार्यालयात विचारायचे हेही समजून घ्यावे. नगर जिल्हा १९८७ पर्यंत पुणे धर्मप्रांतात होता, नंतर तो नव्या नाशिक धर्मप्रांतात गेला. कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे २००५ साली सिंधुदुर्ग धर्मप्रांतात गेले. जिल्हा तोच राहिला, पण कार्यालय बदलले.

चर्चबाहेरही माग आहेत. गावच्या शाळेचे जुने जनरल रजिस्टर पाहावे. त्यात आजोबांचे जन्मगाव आणि आधीची शाळा लिहिलेली असते. जन्ममृत्यूच्या नोंदीचे कोतवाल बुक २०२३ पासूनच्या कुणबी नोंदींच्या शोधामुळे घराघरांत माहीत झाले आहे. ते फक्त कुणब्यांचेच नसते, गावातील सर्वांचे असते. जुनी पाने मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा माणूस सोबत घ्यावा. सांगली-कोल्हापूरकडच्या ज्या घरांत ख्रिस्ती होण्यापूर्वी हेळवी येत असत, त्यांनी त्यांनाही विचारावे. घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नावे सांगणे हाच त्यांचा परंपरागत व्यवसाय. त्यांच्या वहीत आपले पूर्वज आहेत म्हणून आपल्या श्रद्धेला काही उणेपणा येत नाही.

काहीजण म्हणतील, कशाला ही उठाठेव? संत पौलानेही तीमथ्याला न संपणाऱ्या वंशावळ्यांत गुंतू नका असे बजावले होते. वंशाचा तोरा मिरवण्यासाठी शोध घ्यायचा असेल तर तो न घेतलेलाच बरा. पण एज्राच्या पुस्तकाचा दुसरा अध्यायही वाचा. बाबेलहून परतलेल्या काही याजक घराण्यांना आपली नोंद सापडली नाही, आणि त्यामुळे त्यांना याजकपदापासून दूर ठेवण्यात आले. नोंद नसणे किती महाग पडते हे आपल्या घरांनाही ठाऊक आहे. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात इतर मागासवर्गाचा दाखला मिळतो, पण त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. कॉलेजच्या प्रवेशाची तारीख तोंडावर आल्यावर आजोबांचे गाव शोधायला निघालेला बाप फार केविलवाणा दिसतो. आजोबा बोलते होते तेव्हा विचारले असते तर एका दुपारचे काम होते.

एक पथ्य मात्र पाळावे. या वह्यांत दत्तक मुले आहेत, अनौरस म्हणून लिहिलेली मुले आहेत, मोडलेल्या लग्नांच्या टिपा आहेत. म्हणून कोणालाही वही हातात घेऊन चाळू देणे योग्य नाही, आणि फादरांनी नकार दिला तर रागावू नये. दुसऱ्याच्या घराविषयी काही दिसले तर ते तेथेच ठेवून यावे.

सुरुवात कशी करावी? घरातील सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसावे. आधी बाईमाणसांना विचारावे, कारण माहेर, आत्याचे गाव, कोण कोणाला बाप्तिस्म्याला धरले हे त्यांच्याच लक्षात असते. जुनी प्रार्थनापुस्तके उघडून पाहावीत. मलपृष्ठाच्या आत जन्म-मृत्यूच्या तारखा लिहिण्याची अनेक घरांत पद्धत होती. नोव्हेंबरमध्ये दफनभूमीत कबरी साफ करायला जाल तेव्हा दगडावरची अक्षरे उतरवून घ्यावीत. ऊन-पावसाने ती दरवर्षी थोडी थोडी पुसट होतात. आणि आपल्या बाळाचा बाप्तिस्मा असेल तेव्हा फॉर्म भरताना नुसते तालुक्याचे नाव लिहून मोकळे होऊ नये. वाडीचे नाव लिहावे, आईचे माहेरचे नाव पूर्ण लिहावे.

एवढे हाती आले की मूळ पॅरिशच्या फादरांना पत्र लिहावे. पत्र लहान ठेवावे. ज्याचा शोध घ्यायचा त्याचे नाव, बापाचे नाव, वाडी आणि अंदाजे साल. सालाच्या मागेपुढे तीन वर्षे पाहावीत अशी विनंती. एका पत्रात एकाच माणसाची चौकशी करावी, सगळ्या घराण्याची नव्हे. फादरांना इतरही कामे असतात. आपले नाते आणि शोधाचे कारण स्पष्ट लिहावे, आपल्या पॅरिशचे शिफारसपत्र जोडावे, आणि आपला पत्ता लिहून तिकीट लावलेले पाकीट सोबत पाठवायला विसरू नये.